यादीत नाव नाही, तरी 'चॅलेंज व्होट'?

"यादीत नाव नसलं तरी आधार दाखवा, चॅलेंज व्होट करा," हा मेसेज राज्यशास्त्राच्या वर्गात पोरं दरवेळी दाखवतात. कापूस वेचणीची मजुरी बुडवून कुणी बूथवरून रिकामं परततं, म्हणून नीट सांगतो.

१९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ६२ उघडून वाचा: यादीत नाव नाही, तर मत नाही. चॅलेंज मतदार करतच नाही. 'हा तो माणूस नव्हे' असा आक्षेप उमेदवाराचा प्रतिनिधी दोन रुपये भरून घेतो. आपल्या नावावर आधीच कुणी मत टाकलं असेल, तर ओळख पटवून कागदी मतपत्रिकेवर 'टेंडर व्होट' देता येतं. पण त्यालाही यादीत नाव लागतंच.

यादी आजच बीएलओकडे, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे पाहा. नाव नसेल तर नमुना ६, म्हणजे नाव नोंदणीचा अर्ज भरा.