कातळशिल्पे (कोकण)

कोकणातील जांभ्या दगडाच्या उघड्या सड्यांवर प्रागैतिहासिक माणसाने कोरलेली चित्रे. रत्नागिरी जिल्ह्यात, विशेषतः राजापूर, लांजा आणि रत्नागिरी तालुक्यांत ती सर्वांत जास्त सापडतात. दक्षिणेकडे सिंधुदुर्ग आणि गोव्यापर्यंत त्यांचा माग लागतो. आजवर सत्तरहून अधिक ठिकाणी हजारावर चित्रांची नोंद झाली असून भर पडतेच आहे. २०२२ मध्ये यांतील नऊ स्थळे युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत आली: कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण, उक्षी, कुडोपी आणि गोव्यातील पणसायमळ.

सडा म्हणजे टेकडीचा सपाट, बोडका माथा. पावसाळ्यात त्यावर पाणी साचते, भाद्रपदात रानफुले येतात आणि दिवाळीनंतर नुसते काळे कातळ उरते. जांभ्याची वरची साल कठीण असते, आतला दगड तुलनेने मऊ. ही साल फोडून रेषा खोदायची किंवा आकृतीच्या आतला भाग ठेवून भोवतालचे कातळ काढायचे, अशा दोन्ही पद्धती दिसतात. ‘शिल्प’ म्हटले तरी ही मूर्ती नव्हे. म्हणून काही अभ्यासक ‘खोदचित्र’ म्हणणे पसंत करतात, तर युनेस्कोच्या यादीत ‘भूचित्र’ या अर्थाचा शब्द आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘कातळशिल्प’च बसले.

चित्रांत हत्ती, वाघ, हरणे, मोर आहेत. तसेच पाकट, शार्क, कासव असे समुद्रातले जीवही आहेत. गेंड्याचे चित्र सर्वांत बोलके, कारण आज कोकणात गेंडा नाही; कोरणाऱ्याने तो पाहिला असेल तर त्या वेळचे रान आणि हवामान वेगळे असले पाहिजे. शेतीचा मात्र मागमूस नाही. नांगर नाही, पीक नाही. या अभावावरूनच ही शिकार आणि मासेमारीवर जगणाऱ्या समाजाची निर्मिती असावी, असे अनुमान केले जाते. काही चौकोनी पटांत प्राण्याचा पत्ताच नसतो, नुसत्या भौमितिक नक्षीची दाटी असते. देवीहसोळ येथे आर्यादुर्गेच्या मंदिराजवळ असा पट आहे. त्याचा अर्थ कोणालाही लागलेला नाही, आणि ठाम अर्थ सांगणाऱ्यापासून जरा सावध राहिलेले बरे.

आकारमान हे या चित्रांचे मोठे वैशिष्ट्य. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या देहरेषेच्या आत इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. तो जमिनीवर उभे राहून एका नजरेत मावत नाही. पूर्ण दिसतो तो ड्रोनमधून. कोरणाऱ्याला तो कधीच सबंध दिसला नसावा, तरी प्रमाण चुकलेले नाही. बारसूच्या सड्यावर दोन वाघांच्या मध्ये उभा माणूस आहे. देवाचे गोठणे येथील मनुष्याकृतीजवळ होकायंत्राची सुई भरकटते. जांभ्यात लोह भरपूर असते हे खरे, पण विचलन नेमके तिथेच जाणवत असल्याने हौशी पर्यटकांची गर्दी हत्तीपेक्षा या सुईभोवती जास्त होते.

काळ ठरवणे अवघड आहे. गुहाचित्रांत कधी कोळसा किंवा रंग हाती लागतो. इथे उघड्या दगडावर नुसती खाच आहे. ख्रिस्तपूर्व दहा हजार वर्षांच्या आसपासचा अंदाज पुरातत्त्व विभागाच्या तज्ज्ञांनी मांडला, परंतु तो शैली आणि विषयांवर उभा आहे. सिंधुदुर्गातील कोळोशीच्या गुहेत उत्खननात दगडी हत्यारे मिळाल्याने या भागातील आदिमानवाच्या वस्तीला आधार मिळाला. चित्रे त्याच लोकांची, हे त्याने सिद्ध होत नाही.

‘शोध’ हा शब्द इथे जपून वापरावा लागतो. गुराख्यांना ही चित्रे पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती. कुडोपीच्या माळाला ‘बावल्यांचे टेंब’ म्हणत, कुठे ती पांडवांनी एका रात्रीत काढली असे सांगत. अभ्यासाच्या कक्षेत ती आली अलीकडे. गोव्यात पी. पी. शिरोडकर यांनी १९९३ मध्ये कुशावती नदीकाठच्या पणसायमळची नोंद केली. सिंधुदुर्गात सतीश लळीत यांनी हिवाळे येथील चित्रे २००१ मध्ये उजेडात आणली. रत्नागिरीत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी गावोगाव फिरून, गुराख्यांना आणि जाणत्यांना विचारत सडे पालथे घातले. बहुतेक चित्रे माती आणि गवताखाली गेली होती. ती हाताने साफ करून, मोजून, रेखाटून घेण्याचे काम आधी या मंडळींनी पदरमोड करून केले, सरकारी यंत्रणा नंतर आली.

खरा प्रश्न जमिनीचा आहे. सडे बहुतांशी खासगी मालकीचे, सामाईक खातेदारांचे. सातबाऱ्यावर ‘पोटखराबा’, म्हणजे लागवडीस निरुपयोगी, म्हणून पडलेले. ज्या जांभ्यावर चित्र आहे, त्याचाच चिरा घरबांधणीला लागतो. चिरेखाणीचे यंत्र एका दिवसात जेवढे कातळ कापते तेवढ्यात एखादा हत्ती सहज जातो. रस्ते आणि आंब्याच्या बागांसाठी केलेले सपाटीकरण यांचाही धोका आहे. बारसूच्या तेलशुद्धीकरण प्रकल्पाविरुद्ध २०२३ मध्ये आंदोलन पेटले तेव्हा सड्यावरची चित्रे प्रथमच राज्याच्या राजकारणात आली. त्याआधी ती पाहिलेले मंत्री विरळाच असतील.

उक्षीत ग्रामस्थांच्या पुढाकाराने हत्तीच्या चित्राभोवती कुंपण घातले गेले, तेही चिऱ्याचेच. अन्यत्र काही ठिकाणी दगडांची रांग, कुठे नुसती पाटी. पाहायला जाणाऱ्याने सकाळी लवकर किंवा सूर्य कलल्यावर जावे. तिरप्या उन्हात खाचेत सावली भरते आणि रेषा आपोआप उठून दिसते. फोटोसाठी खडूने रेषा गिरवण्याची खोड अजून गेलेली नाही. पणसायमळला पावसाळ्यात जाऊन उपयोग नाही, कुशावतीला पूर आला की तिथली चक्राकार वर्तुळे आणि बैल पाण्याखाली असतात.