ख्रिस्ती असणं आणि ख्रिस्ताच्या मागे चालणं, यातला नेहमीचा घोळ

"धर्म-बिर्म नको, मला फक्त येशू हवा" हे मी इतक्या जणांकडून ऐकलंय, आणि दर वेळी बोलणारा दोन वेगळ्या गोष्टी एकाच टोपलीत टाकतो, म्हणून एकदाचं लिहितोच.

पहिली गोष्ट सगळ्यांना माहितीये. बाप्तिस्मा, मंडळीच्या म्हणजे चर्चच्या रजिस्टरात नाव, रविवारची उपासना, प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी), नाताळ. पाळक की फादर, कॅथलिक की प्रोटेस्टंट, त्याने इथे काही फरक पडत नाही, सोडा.

दुसरी म्हणजे येशूशी स्वतःचा जिवंत संबंध असणं. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात वाँटेजला बाप्तिस्मा घेतला, आणि पुढे त्यांनीच आपल्या साक्षीत लिहिलं की ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण ख्रिस्त मिळालाच नव्हता, हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं लागली. म्हणजे रजिस्टरात नाव असूनही दुसरी गोष्ट राहून जाऊ शकते. इथपर्यंत लोकांना पटतं.

गाडी अडते ती पुढे. लोक लगेच म्हणतात की मग नियम कशाला, चर्च कशाला, मन साफ असलं की झालं. मला हे अजिबात मान्य नाही. येशूने परूश्यांना, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथाच्या लोकांना झापलं ना, की पुदिना, शेप, जिऱ्याचासुद्धा दशांश (देवासाठी दहावा हिस्सा) देता आणि न्याय, दया, विश्वास सोडता, ते सगळ्यांना आठवतं. पण त्याच वाक्याच्या शेवटी तो म्हणतो की हे करायचं होतं आणि तेही सोडायचं नव्हतं, हा भाग कुणी वाचतच नाही! आणि डोंगरावरच्या प्रवचनात तर नियम सैल होण्याऐवजी आणखी आत शिरतो, खून करू नको एवढ्यावर न थांबता भावावरचा रागसुद्धा हिशोबात धरला जातो. वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. मी स्वतः चुलत भावाशी जमिनीवरून वर्षानुवर्षं अबोला धरून प्रभुभोजन घेत होतो. माझा नियम कधी मोडला नाही, उपासना कधी चुकली नाही, आणि येशूने जे सांगितलं तेवढंच राहिलं होतं.

रमाबाईंचंच बघा. लॅटिन अक्षरं कोरलेला क्रूस घाल म्हटल्यावर त्यांनी विचारलं की लॅटिन काय आमच्या संस्कृतपेक्षा थोर आहे का. शाकाहारही सोडला नाही. (ख्रिश्चन असून व्हेज कसे, असं विचारणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं.) पण लादलेलं नाकारणाऱ्या याच बाई १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली घेऊन आल्या, केडगावात त्यांच्यासाठी मुक्ती मिशन हा आश्रम उभा केला, आणि मराठी बायबलसाठी हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मन साफ असलं की झालं, असं मानणारा माणूस हिब्रूची व्याकरणं घेऊन बसत नाही.

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांबद्दलही तेच. १९१७ मध्ये ते मिशनमधून बाहेर पडले म्हणून "टिळकांनी चर्च सोडलं" असं बिनधास्त ठोकून देतात. त्यांनी साताऱ्यात देवाचा दरबार सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघंही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र. मिशनची चौकट सोडली पण संगत सोडली नाही, उलट जास्त लोकांसाठी दार उघडलं. त्यांची भजनं आजही आमच्या उपासनेत पेटी-तबल्यावर म्हणतात.

मग बाप्तिस्मा घ्यावा का, असं मला कुणी विचारलं तर मी घ्या म्हणतो, आणि एकट्याने घरात प्रार्थना करून भागवू नका असंही म्हणतो, कारण घरात समेट करायला समोर कुणी नसतं.