घरची बातमी, परक्या गावाहून : अरब पत्रकारितेची दोनशे वर्षं

अरब जगातल्या पत्रकारितेविषयी मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक वेळा 2011 पासून. फेसबुक आलं, तरुण रस्त्यावर उतरले, राजवटी कोसळल्या, अशी ती गोष्ट सांगितली जाते. तिला खूप मोठा मागचा भाग आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय आज गाझातून किंवा कैरोतून येणाऱ्या बातमीचा अर्थ लागत नाही. त्या मागच्या भागात एक सूत्र सतत दिसतं. अरब माणसाला आपल्याच देशाची खरी बातमी बहुतेक काळ देशाबाहेरून मिळत आली आहे. छापखाना असो, रेडिओ असो, उपग्रह वाहिनी असो की मोबाइल, बातमी देणारा बहुधा सीमेपलीकडे बसलेला.

सुरुवात सरकारी कागदापासून झाली. 1828 साली इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याने कैरोत ‘अल-वकाई अल-मिसरिया’ हे राजपत्र काढलं. आपल्याकडे बाळशास्त्री जांभेकरांचं ‘दर्पण’ निघालं त्याच्या तीनेक वर्षं आधी. पण ‘दर्पण’मागे खासगी माणसांचा उत्साह होता, कैरोतलं पत्र मात्र दरबाराचे हुकूम अधिकाऱ्यांपर्यंत पोचवण्यासाठी होतं. खासगी वृत्तपत्रं पुढे बैरूतमध्ये रुजली, 1858 मध्ये खलील अल-खूरी यांचं ‘हदीकत अल-अखबार’ तिथूनच निघालं. मग तिथे राज्य करणाऱ्या ऑटोमन साम्राज्याच्या सेन्सॉरचा जाच वाढला तसे सीरिया-लेबनॉनकडचे लेखक-संपादक इजिप्तला आले. सलीम आणि बिशारा तकला या लेबनानी भावांनी अलेक्झांड्रियात काढलेल्या ‘अल-अहराम’चा पहिला अंक ऑगस्ट 1876 चा. इजिप्तचं सर्वांत प्रतिष्ठित दैनिक बाहेरून आलेल्यांनी उभं केलं, ही गोष्ट मला या सगळ्या इतिहासाची नांदी वाटते.

इजिप्तमध्येही सगळ्यांना थारा नव्हता. याकूब सन्नू याने 1877 मध्ये ‘अबू नद्दारा’ हे व्यंगपत्र बोलीभाषेत काढलं, इजिप्तचा राज्यकर्ता खेदीव इस्माईल याची यथेच्छ टर उडवली आणि वर्षभरातच त्याला पॅरिस गाठावं लागलं. तिथून तो अंक काढत राहिला आणि ते चोरवाटांनी इजिप्तमध्ये येत राहिले. वाचता येणारे थोडे होते, त्यामुळे कॉफीखान्यात एकाने मोठ्यांदा वाचायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, अशी रीत होती. बोलीभाषेचं महत्त्व इथे कळतं. शिष्ट अरबी ज्याला येत नाही त्यालाही सन्नूचे संवाद कळत. 1884 मध्ये जमालुद्दीन अफगाणी आणि मुहम्मद अब्दुह या इस्लामी विचारवंतांनी पॅरिसहूनच ‘अल-उर्वा अल-वुथ्का’ काढलं. त्याचे जेमतेम 18 अंक निघाले, पण ब्रिटिशांनी ते इजिप्तप्रमाणे हिंदुस्थानातही अडवलं.

रेडिओ आला आणि वाचता येण्याची अटच उरली नाही. इजिप्तचा सरकारी रेडिओ 1934 चा. त्याच वर्षी मुसोलिनीच्या इटलीने बारी शहरातून अरबी प्रसारण सुरू केलं आणि त्याला उत्तर म्हणून 3 जानेवारी 1938 रोजी बीबीसीची अरबी सेवा सुरू झाली. तिच्या पहिल्याच बातमीपत्रात पॅलेस्टाइनमधल्या एका अरबाला ब्रिटिश लष्करी न्यायालयाच्या हुकुमाने फाशी दिल्याची बातमी होती. लंडनच्या परराष्ट्र खात्याला ते मुळीच रुचलं नाही. आपल्या पैशांवर चालणाऱ्या रेडिओने आपलीच अशी बातमी द्यावी का, हा वाद तेव्हाच सुरू झाला. श्रोत्यांनी मात्र त्यातून एक गोष्ट ताडली. मालक परका असला तरी त्याच्याकडून कधीकधी खरं ऐकायला मिळतं.

मग आला ‘सौत अल-अरब’, म्हणजे अरबांचा आवाज. 4 जुलै 1953 रोजी कैरोहून रोज अर्ध्या तासाने सुरू झालेलं हे प्रसारण पाहता पाहता मोरोक्कोपासून इराकपर्यंत ऐकलं जाऊ लागलं. 1 नोव्हेंबर 1954 ला अल्जीरियातल्या स्वातंत्र्ययुद्धाची घोषणा याच केंद्रावरून वाचली गेली. 1956 मध्ये सुएझच्या लढाईत ब्रिटिश विमानांनी कैरोच्या प्रक्षेपण केंद्रावर बाँब टाकले, तेव्हा दमास्कसच्या रेडिओने ‘दमास्कसहून कैरो बोलत आहे’ अशी घोषणा केली. एका देशाचा आवाज दुसऱ्याने उचलून धरला. आजही अरब माणसं हा प्रसंग अभिमानाने सांगतात.

या आवाजाचा घात 1967 च्या जूनमध्ये, इस्रायलशी झालेल्या युद्धात झाला. 5 जूनच्या सकाळी काही तासांत इजिप्तचं बहुतेक हवाई दल धावपट्ट्यांवरच नष्ट झालं होतं आणि ‘सौत अल-अरब’चा निवेदक अहमद सईद मात्र इस्रायलची किती विमानं पाडली याचे वाढते आकडे माइकवरून सांगत होता. लोक आनंदाने रस्त्यावर आले. परदेशी केंद्रं लावणाऱ्यांना वेगळंच ऐकू येत होतं. काही दिवसांत खरं काय ते सगळ्यांना कळलं. त्या आठवड्यात विश्वासाला जो तडा गेला तो सरकारी माध्यमांना पुढे सांधता आला नाही. माझ्या मते अरब प्रेक्षकाच्या घडणीतला सर्वांत मोठा प्रसंग हाच आहे, 2011 नव्हे. एका केंद्रावर भरवसा ठेवायचा नाही, दोन-तीन ठिकाणी ऐकून ताळा करायचा, ही सवय तिथे पक्की झाली.

वृत्तपत्रांची तऱ्हा तोवर बदलली होती. मे 1960 मध्ये इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी वृत्तपत्रांच्या संस्था सरकारी छत्राखाली घेतल्या. ‘अल-अहराम’चे संपादक मुहम्मद हसनैन हैकल यांचा शुक्रवारचा लेख ‘बि-सराहा’ म्हणजे ‘स्पष्टपणे’ हा नासर यांच्या मनात काय चाललंय ते कळण्यासाठी वाचला जाई आणि रेडिओवरूनही ऐकवला जाई. मोकळी पत्रकारिता उरली होती बैरूतमध्ये. पण तिथेही इजिप्त, इराक, लिबिया, सौदी अरेबिया यांचा पैसा वेगवेगळ्या पत्रांच्या पाठीशी असे आणि लिहिण्याची किंमत काय मोजावी लागेल याचा नेम नव्हता. ‘अल-हयात’चे संस्थापक कामेल म्रुवे यांना 1966 मध्ये त्यांच्या कचेरीतच गोळ्या घातल्या. 1975 मध्ये लेबनॉनमध्ये यादवी पेटली आणि अरब पत्रकारितेने पुन्हा बिऱ्हाड हलवलं, या वेळी मुख्यतः लंडनला. ‘अश-शर्क अल-अवसत’ 1978 मध्ये तिथे सुरू झालं, ‘अल-हयात’ 1988 मध्ये तिथूनच पुन्हा निघालं, ‘अल-कुद्स अल-अरबी’ 1989 चं. लंडनलाही जीव सुरक्षित नव्हता. हंडाला या अनवाणी पोराचं चित्र रेखाटणारे पॅलेस्टिनी व्यंगचित्रकार नाजी अल-अली यांच्यावर जुलै 1987 मध्ये लंडनच्या रस्त्यावर गोळी झाडली गेली आणि ऑगस्टमध्ये ते गेले.

याच काळात कॅसेट नावाचं एक स्वस्त माध्यम घरोघरी पसरत होतं. शेख अब्दुल हमीद किश्क या अंध उपदेशकाची प्रवचनं इजिप्तच्या टॅक्सींत आणि दुकानांत वाजत. सरकारी रेडिओला ती नको होती, पण एका टेपवरून दुसरीवर उतरवणाऱ्याला कोण अडवणार? व्हॉट्सअॅपवर पुढे ढकललेल्या ध्वनिफितींचं कौतुक किंवा भीती वाटणाऱ्यांनी ही कॅसेट ध्यानात ठेवावी.

2 ऑगस्ट 1990 रोजी इराकने कुवेत गिळला. शेजारच्या सौदी वृत्तपत्रांनी आणि टीव्हीने पहिले दोन-तीन दिवस त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. ज्यांच्याकडे सोय होती त्यांनी सीएनएन पाहिलं. अरबसॅट या अरब देशांच्या सामायिक संस्थेचा उपग्रह 1985 पासून आकाशात होता, पण त्याचा खरा उपयोग आता सुचला. 1991 मध्ये सौदी पैशावर लंडनहून एमबीसी ही उपग्रह वाहिनी सुरू झाली. बीबीसीने सौदी मालकीच्या ऑर्बिट कंपनीबरोबर 1994 मध्ये अरबी टीव्ही काढला, पण सौदी अरेबियावरच्या टीकेवरून खटका उडाला आणि एप्रिल 1996 मध्ये तो बंद पडला. तिथले शंभराहून अधिक अनुभवी लोक रिकामे झाले. त्यांतल्या अनेकांना कतारच्या अमिरांनी दोहाला बोलावून घेतलं आणि 1 नोव्हेंबर 1996 ला अल-जझीरा सुरू झाली.

पहिले काही महिने ती दिवसातून फक्त सहा तास दिसायची. तरी तिने काय बदललं ते फैसल अल-कासिम यांच्या ‘अल-इत्तिजाह अल-मुआकिस’ (विरुद्ध दिशा) या कार्यक्रमात नीट दिसतं. समोरासमोर दोन कट्टर विरोधक, मध्ये सूत्रसंचालक, प्रसारण थेट, आणि फोनवर प्रेक्षक. एखादा पाहुणा तावातावाने उठून निघूनही जाई. सरकारी वाहिनीवर मंत्र्यांच्या भेटीगाठींची लांबलचक दृश्यं बघत वाढलेल्या पिढीला घराच्या दिवाणखान्यात राजघराण्यांवर, धर्मावर, इस्रायलशी बोलणी करण्यावर भांडण ऐकू येऊ लागलं. आणि वाद घालणारा आपल्या उच्चाराचा, आपल्या देशाचा असे. त्या काळात या वाहिनीविरुद्ध तक्रार केली नाही असं अरब सरकार शोधावं लागेल. 2003 मध्ये सौदी पाठबळावर दुबईहून अल-अरबिया उभी राहिली ती तिला शह देण्यासाठीच.

एक मर्यादा मात्र पहिल्यापासून होती आणि ती सांगितलीच पाहिजे. शेजाऱ्याच्या घरावर झगझगीत प्रकाश टाकणारी वाहिनी स्वतःच्या मालकाच्या अंगणात दिवा मंद करते. अल-जझीराने इजिप्त आणि लिबियाचे उठाव तासन्‌तास थेट दाखवले, पण बहरीनमधल्या 2011 च्या निदर्शनांबाबत तिची अरबी वाहिनी बरीच गप्प राहिली. प्रेक्षकांनाही हे ठाऊक होतं. म्हणून तर एक चॅनेल बघून झालं की दुसरं लावायचं.

इंटरनेट आलं ते अशा पारखून घेणाऱ्या प्रेक्षकापुढे. सुरुवातीला अरबी लिपीची सोयसुद्धा नव्हती, तर पोरांनी लॅटिन अक्षरांत अरबी लिहायला सुरुवात केली आणि त्या लिपीत नसलेल्या ध्वनींसाठी आकडे घेतले. ‘ऐन’साठी 3, घशातल्या ‘ह’साठी 7. जॉर्डनमधलं ‘हिबर’ (शाई) हे 2007 पासूनचं संकेतस्थळ आपल्या नावात तो 7 अजून मिरवतं.

नवं माध्यम आणि जुनं माध्यम एकमेकांना कशी लागतात याचं कैरोतलं एक उदाहरण जरा तपशिलात बघण्यासारखं आहे. 2006 मध्ये पोलिस ठाण्यात एका मिनीबसचालकावर झालेल्या अत्याचाराची मोबाइल चित्रफीत फिरू लागली. ती पोलिसांनीच, त्याची बेअब्रू करण्यासाठी काढली होती. वाएल अब्बास या ब्लॉगरने ती ब्लॉगवर टाकली. पण हा माणूस कोण, ठाणं कुठलं, हे ब्लॉगवरून कळेना. ‘अल-फज्र’ या साप्ताहिकाने शोध घेऊन त्या माणसाला गाठलं, त्याला बोलतं केलं आणि प्रकरण न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 2007 मध्ये दोन पोलिसांना प्रत्येकी तीन वर्षांची शिक्षा झाली. ब्लॉग नसता तर फीत दबली असती आणि पायपीट करणारा वार्ताहर नसता तर खटला उभा राहिला नसता. त्याच महिन्यात यूट्यूबने हिंसक दृश्यांच्या तक्रारींवरून वाएल अब्बासचं खातं बंद केलं, आरडाओरडा झाल्यावर पुन्हा उघडलं. मालक परगावचा असल्याचा फटका तेव्हाच दिसला होता.

ट्युनिशियात 17 डिसेंबर 2010 नंतर घडलं तेही याच धाटणीचं. सीदी बूझीदमध्ये मोहम्मद बुअझीझी या फळविक्रेत्याने स्वतःला पेटवून घेतलं. त्यानंतरच्या निदर्शनाचं चित्रण त्याच्या एका नातलगाने केलं आणि फेसबुकवर टाकलं. यूट्यूब तिथे बंद होतं, फेसबुक उघडं राहिलं होतं. ‘नवात’ हा 2004 पासूनचा गट अशा फिती गोळा करून, तारीख-ठिकाण लावून पुढे पाठवत होता. अल-जझीराचं ट्युनिसमध्ये कार्यालय नव्हतं, तिने याच फिती बातम्यांत दाखवल्या. ज्या घरांत इंटरनेट नव्हतं तिथे त्या उपग्रहावरून परत आल्या. 14 जानेवारी 2011 ला ट्युनिशियाचा अध्यक्ष बेन अली पळाला. इजिप्तच्या सरकारने तर जानेवारीअखेर पाच दिवस देशाचं इंटरनेटच तोडलं, पण तोवर लोक तहरीर चौकात पोचले होते आणि टीव्हीचे कॅमेरे तिथे रोखलेले होते.

पुढची दहा वर्षं सरकारांनी धडा शिकण्यात घालवली. विकत घेता येतील त्या वाहिन्या विकत घेतल्या गेल्या. मे 2017 मध्ये इजिप्तने ‘मदा मस्र’ या स्वतंत्र वृत्तस्थळासह 21 संकेतस्थळं एका फटक्यात अडवली. जून 2017 मध्ये सौदी, अमिरात, बहरीन आणि इजिप्तने कतारची नाकेबंदी केली, तेव्हाच्या 13 मागण्यांत अल-जझीरा बंद करा ही एक होती. ट्विटरवर राजवटीच्या बाजूने तुटून पडणाऱ्या खात्यांच्या झुंडींना लोकांनी नाव दिलं ‘इलेक्ट्रॉनिक माश्या’. त्यांच्याविरुद्ध बोलणाऱ्यांपैकी सौदी पत्रकार जमाल खशोगी यांची 2 ऑक्टोबर 2018 रोजी इस्तंबूलच्या सौदी वकिलातीत हत्या झाली. तेही देशाबाहेरूनच लिहीत होते. लेबनॉनमधली दारज आणि मेगाफोन, ट्युनिशियातली इन्किफादा यांसारखी छोटी संकेतस्थळं या काळात तगली ही खरोखर मोठी गोष्ट आहे, त्यांची शोधपत्रकारिता मला अरब जगातली आजची सर्वांत भरवशाची वाटते. पण वाचकांच्या पैशावर त्यांचं भागत नाही, बाहेरच्या देणग्यांवर चालावं लागतं.

गाझामध्ये 2023 च्या ऑक्टोबरपासून या जुन्या वाटेची दिशाच उलटली. इस्रायलने परदेशी पत्रकारांना स्वतंत्रपणे आत जाऊ दिलेलं नाही. त्यामुळे लंडन, पॅरिस, न्यूयॉर्कच्या कचेऱ्या गाझात जन्मलेल्या, तिथेच तंबूत राहणाऱ्या वार्ताहरांवर अवलंबून आहेत. बिसान औदासारखी मुलगी मोबाइलवरून जगाशी बोलते आणि अल-जझीराचा वाएल दहदूह 2023 मध्ये बायको-मुलांच्या मृत्यूनंतर पुन्हा कॅमेऱ्यापुढे उभा राहिला. जुनं माध्यम कुठलं आणि नवं कुठलं, ही वाटणी तिथे उरलेली नाही. वाहिनीचा प्रतिनिधी स्वतःच्या खात्यावरूनही तेच सांगत असतो. मारल्या गेलेल्या पत्रकारांची संख्या दीडशेच्या केव्हाच पुढे गेली. 10 ऑगस्ट 2025 रोजी अल-जझीराचा वार्ताहर अनस अल-शरीफ आणि त्याचे सहकारी शिफा रुग्णालयाबाहेरच्या पत्रकारांच्या तंबूत मारले गेले. त्याच्या आधी, जुलैमध्ये, एएफपी, एपी, रॉयटर्स आणि बीबीसी यांनी एकत्र निवेदन काढून सांगितलं होतं की गाझातल्या आमच्या पत्रकारांना स्वतःचं आणि घरच्यांचं पोट भरणं दिवसेंदिवस अशक्य होत चाललं आहे.

आपल्या मराठी दैनिकांच्या परदेशाच्या पानावर गाझाचं छायाचित्र किंवा बातमी छापून येते तीही बहुतेक वेळा याच वृत्तसंस्थांची असते. खाली एपी किंवा एएफपी एवढंच लिहिलेलं असतं. ती पाठवणाऱ्याचं नाव मूळ बातमीत असतं, ते छापायला एका ओळीचीही जागा लागत नाही.