पाणबुडीच्या सिनेमात थर्मामीटर कुठे असतो?

परवा रविवारी भाची तिच्या लेकीला घेऊन आली होती. टीव्हीवर पाणबुडीचा सिनेमा लागला होता. लाल दिवा, घामेजलेले चेहरे, आणि दर चार सेकंदांनी तो ठरलेला आवाज: टुंग... टुंग... नातीनं विचारलं, "आजी, ही पाणबुडी सारखी घंटा का वाजवते? ती तर लपलीय ना?"

तीस वर्षं अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवलं, पण इतका नेमका प्रश्न वर्गात क्वचित आला.

लपलेली पाणबुडी घंटा वाजवत नाही. अंधारात लपंडाव खेळताना राज्य असलेल्यानं "कुठे आहेस रे?" अशी हाक मारली, तर तो स्वतः कुठे आहे हे सगळ्यांना कळतं. सोनार यंत्राचं अगदी तसंच. आवाज पाण्यात सोडायचा आणि प्रतिध्वनी ऐकायचा. अंतर दुप्पट झालं की शत्रूपर्यंत पोचणारा आवाज एक चतुर्थांश होतो. पण त्याचा प्रतिध्वनी येतानाही तितकाच विरतो, म्हणून आपल्याला मिळतो तो एक सोळांश. म्हणजे शत्रूला आपण कितीतरी आधी ऐकू जातो. म्हणून पाणबुडी बहुतेक वेळ नुसती कान देऊन असते. दुसऱ्या महायुद्धातला तो 'टुंग' वरच्या विनाशिकांचा, पाणबुडीला शोधणाऱ्यांचा. 'दास बूट' या १९८१ च्या जर्मन सिनेमात तो वरूनच येतो, आणि तिथे तो बरोबर आहे.

इतिहासाचं म्हणाल तर सिनेमावाले हात सैल सोडतात. २००० सालच्या 'यू-५७१' मध्ये गुप्त संदेशांचं जर्मन एनिग्मा यंत्र अमेरिकन नौसैनिक पळवतात. प्रत्यक्षात 'यू-११०' या जर्मन पाणबुडीवरून ते ब्रिटिशांनी मिळवलं, ९ मे १९४१ ला. तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. आपल्याकडच्या 'द गाझी अटॅक' मध्ये भारतीय पाणबुडी पाण्याखाली झुंज देऊन पाकिस्तानच्या 'गाझी' पाणबुडीला बुडवते. १९७१ च्या डिसेंबरात ३ आणि ४ तारखेच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमबाहेर 'गाझी' बुडाली हे खरं. पण भारतीय नौदल त्याचं श्रेय 'राजपूत' या विनाशिकेच्या डेप्थ चार्जना, म्हणजे पाण्याखाली फुटणाऱ्या बॉम्बना, देतं, आणि पाकिस्तान म्हणतं आतल्याच स्फोटानं. पाणबुड्यांची झुंज दोघांच्याही सांगण्यात नाही.

मुळात अशी झुंज किती वेळा झाली? दोन्ही पाणबुड्या पाण्याखाली आणि एकीनं दुसरीला बुडवलं, अशी नोंद युद्धात एकच आहे. ९ फेब्रुवारी १९४५, नॉर्वेजवळ ब्रिटिश 'व्हेंचरर'नं 'यू-८६४' बुडवली. कप्तान लाँडर्सनं 'टुंग' केलंच नाही. तासन्‌तास नुसतं ऐकून आणि अधूनमधून पेरिस्कोपमधून डोकावून त्यानं शत्रूची वळणं मनात मांडली आणि चार टॉर्पेडो वेगवेगळ्या खोलीवर सोडले. चौथा लागला. यावर सिनेमा काढला तर अडीच तास माणसं कान लावून बसलेली दिसतील. कोण काढणार?

पण माझी खरी तक्रार इतिहासाची नाही. या सगळ्या सिनेमांत समुद्र म्हणजे एकसारख्या पाण्यानं भरलेली टाकी असते. खऱ्या समुद्रात पाण्याचे थर असतात, आणि पाणबुडीचा जीव त्या थरांवर अवलंबून असतो. म्हणून तिच्यात टॉर्पेडोइतकंच महत्त्वाचं हत्यार म्हणजे थर्मामीटर. मी पाहिलेल्या सिनेमांत तो एकदाही कुणी हातात घेतला नाही.

आवाज पाण्यात सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, पण पाणी गार झालं की हळू. २८ अंशांच्या खाऱ्या पाण्यात वेग १५४० च्या आसपास, १५ अंशांच्या पाण्यात १५०७. खोली वाढली की दाबामुळे दर शंभर मीटरला साधारण पावणेदोन मीटरनं वाढतो, खारेपणा वाढला तरी वाढतो. हे आकडे किरकोळ वाटतात. पण लहरीची एक खोड आहे: वेग जिकडे कमी, तिकडे ती झुकते. प्रकाशाचीही तीच, दहावीला अपवर्तन शिकलात ते हेच.

नातीला हे तोंडी पटेना. मग शेजारून माशांची जुनी काचेची टाकी आणली, तळाशी अर्धा किलो साखर पसरली, वरून काठाकाठानं हळूहळू पाणी सोडलं आणि दोन दिवस कुणी हात लावायचा नाही असं बजावलं. भाची म्हणाली, "मावशी, अर्धा किलो साखर!" मी म्हटलं, चहात घालतेस त्यापेक्षा इथे सत्कारणी लागेल. दोन दिवसांनी दुधाचा एक थेंब टाकला, खोलीत अंधार केला आणि खजुरी बाजारातून आणलेला लेझर पॉइंटर आडवा धरला. (डोळ्यांकडे नाही, ही मास्तरीणबाईंची सक्त ताकीद.) लाल रेघ टाकीत शिरली आणि दोरी सैल पडावी तशी खाली वाकली. तळाशी साखर दाट, तिथे प्रकाश हळू, म्हणून तो तिकडे झुकला. समुद्रात तळाकडे गार पाणी, तिथे आवाज हळू, म्हणून तोही तिकडेच झुकतो.

आता थोडं गणित, कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा. समजा शंभर मीटरमध्ये तापमान २८ वरून १५ वर आलं. दाबाची भरपाई धरून वेग सुमारे ३२ मीटरनं घटला, म्हणजे प्रत्येक मीटरला ०.३२. आडवा निघालेला आवाज अशा ठिकाणी वर्तुळाच्या कमानीनं जातो, आणि वर्तुळाची त्रिज्या म्हणजे वेग भागिले हा उतार: १५४० भागिले ०.३२, साधारण ४.८ किलोमीटर. यावरून एक किलोमीटर पुढे जाईपर्यंत आवाज शंभर मीटर खाली गेलेला असतो. त्याउलट अगदी वरचे तीसचाळीस मीटर पाणी वाऱ्यानं ढवळून एकसारखं झालेलं असतं, तिथे फक्त दाबाचा परिणाम उरतो आणि आवाज हलकेच वर झुकतो. म्हणजे वरच्या थरातला आवाज वर, खालच्या थरात शिरलेला खाली, आणि मध्ये, थराच्या किंचित खाली, सावली. पाणबुडीचा कप्तान हुडकत असतो ती ही सावली. अर्थात ही भिंत नव्हे. जहाज डोक्यावर आलं की उभे येणारे किरण जवळजवळ सरळ उतरतात, आणि आजची जहाजं सोनारच दोरानं थराखाली सोडतात.

हीच खोड हवेतही दिसते. जानेवारीत पहाटे रामबागेतल्या आमच्या गच्चीवर स्टेशनातल्या गाडीचा भोंगा कानाशी वाजल्यासारखा येतो, दुपारी नाही. दुपारचा गोंगाट हे एक कारण, पण पहाटे जमिनीलगतची हवा गार असते आणि आवाज खाली झुकतो, हे दुसरं. व्हॉट्सअ‍ॅपवर याच गोष्टीला 'ब्राह्ममुहूर्तातली दिव्य स्पंदनं, म्हणून मंत्र दूरवर पोचतात' असं नाव आहे. मंत्र पोचतात, अजान पोचते आणि भंगारवाल्याची 'लोहा-टीन'ची आरोळीही पोचते.

दुपारची ही गोष्ट अमेरिकन नौदलाला १९३० च्या दशकात क्यूबाजवळ नडली. सकाळी ठीक चालणारा सोनार दुपारनंतर पाणबुडी हुकवायचा. आधी संशय आला तो जेवणानंतर पेंगणाऱ्या ऑपरेटरवर. बिचारा जागा होता. उन्हानं वरचं पाणी तापून आवाज खाली वळत होता. मग अ‍ॅथेलस्टन स्पिलहॉस या शास्त्रज्ञानं पितळी नळकांडं बनवलं: समुद्रात सोडलं की आतली सुई काजळी धरलेल्या काचेवर खोली आणि तापमानाची रेघ ओढायची. दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रं अमेरिकन पाणबुड्यांवरही बसवली गेली.

इंदूरचा आणि समुद्राचा काय संबंध, असं म्हणू नका. आमच्या खान नदीचं पाणी (त्याला पाणी म्हणायचं तर) क्षिप्रेत, क्षिप्रेचं चंबळेत, मग यमुना, गंगा आणि शेवटी बंगालच्या उपसागरात. या नद्यांचं गोडं पाणी हलकं, म्हणून ते खाऱ्या पाण्यावर तरंगतं. हिवाळ्यात ते गार झालं तरी सहसा बुडत नाही. उपसागराच्या उत्तर भागात तेव्हा चक्क वर गार आणि खाली ऊबदार असा उलटा प्रकार होतो, आणि आवाज पृष्ठभागाजवळच अडकून राहतो. अरबी समुद्रासाठी पाठ केलेले आडाखे तिथे चालत नाहीत.

नातीचा शेवटचा प्रश्न कुजबुजण्याचा होता. पाणबुडीतले लोक कानात का बोलतात? सिनेमासाठी. हवेतला आवाज पोलादातून पाण्यात जाताना बहुतेक परत फिरतो, हवेतून थेट पाण्यात जायचा म्हटला तरी हजारात एखादा भाग पलीकडे जातो. हातातून पाना खाली पडला तर मात्र गोष्ट वेगळी, कारण तो आवाज पोलादातच जन्मतो. म्हणून खऱ्या पाणबुडीत यंत्रांखाली रबर असतं.

टाकी रिकामी करायच्या आधी नातीनं चमचा घालून ढवळलं. लाल रेघ क्षणात सरळ झाली. ती हिरमुसली. मी म्हटलं, अरबी समुद्रात हा चमचा जूनमध्ये नैर्ऋत्येकडून येतो, वरचं पाणी घुसळतो आणि थर आणखी खाली ढकलतो.

"मग पावसाळ्यात पाणबुडी काय करते?"

"तीही आणखी खाली जाते."