‘अलाउ’ की ‘ब्लॉक’? घरच्या फायरवॉलची पार्श्वभूमी

२००३ चा ऑगस्ट. घरात विंडोज एक्सपी टाकलेला असेंबल्ड पीसी, फोनच्या वायरीला लावलेला मोडेम. नेट जोडून जरा वेळ होतो न होतो तोच पडद्यावर एक चौकट उगवायची: सिस्टिम बंद होत आहे, काम सेव्ह करा. खाली ६० सेकंदांची उलटी मोजणी. आम्ही आधी विजेवर संशय घेतला, मग रॅमवर, मग एसएमपीएसवर. असेंबल करून देणाऱ्या दादांनी विंडोज पुसून नव्याने टाकलं. नेट जोडलं आणि पुन्हा ६०, ५९, ५८.

तो ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म होता, म्हणजे नेटवर्कवरून आपोआप पसरणारा घातक प्रोग्राम. ११ ऑगस्टला तो पसरायला लागला. त्याने वापरलेला दोष बुजवणारा पॅच मायक्रोसॉफ्टने १६ जुलैलाच दिला होता. आणखी चुटपुट लावणारी गोष्ट म्हणजे त्याला दारातच अडवणारी फायरवॉल, म्हणजे नेटवरून येणारं-जाणारं तपासणारा पहारा, आमच्या त्याच पीसीत होती, नेटवर्क कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये, ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबखाली, टिक न केलेल्या एका चौकटीत. ती तशी का पडून होती, हे समजायला थोडं मागे जावं लागतं.

फायरवॉल मुळात घरासाठी नव्हतीच. (‘अग्निभिंत’ हा प्रतिशब्द कागदावर आहे, तो बोलताना मी अजून कुणाला ऐकलेलं नाही.) नोव्हेंबर १९८८ मध्ये मॉरिस वर्मने त्या वेळच्या चिमुकल्या इंटरनेटवरची अंदाजे ६,००० मशीन आडवी केली. त्यानंतर कंपन्या आणि विद्यापीठं आपल्या नेटवर्कच्या तोंडाशी पॅकेट (नेटवरून जाणारे माहितीचे तुकडे) तपासणारा पहारेकरी बसवू लागली. १९९४ मध्ये चेक पॉइंटची ‘फायरवॉल-१’ बाजारात आली. कुठल्या पॅकेटला आतूनच बोलावणं गेलंय आणि कुठलं आगंतुक आहे, याची ती नोंद ठेवायची. आजच्या घरगुती फायरवॉलचा गाभा हाच आहे. पण तेव्हा हे सगळं ऑफिसच्या सर्व्हर रूममध्ये. घरच्या पीसीला बाहेरचं जग फ्लॉपीतून भेटायचं.

मग फोनची वायर आली. आपल्याकडे व्हीएसएनएलने १५ ऑगस्ट १९९५ ला लोकांसाठी इंटरनेट खुलं केलं, आणि त्याच महिन्यात अमेरिकेत विंडोज ९५ विक्रीला आलं. ते ऑफिसमध्ये शेजारच्या टेबलावरच्या मशीनशी फायली आणि प्रिंटर वाटून घेण्याच्या हिशेबाने बांधलेलं. ही देवघेव १३९ क्रमांकाच्या पोर्टवरून, म्हणजे पीसीच्या क्रमांक दिलेल्या एका दारातून, चाले. डायलअप जोडलं की हेच दार बरेचदा अख्ख्या इंटरनेटकडे उघडं राहायचं. १९९७ मध्ये ‘विननूक’ आलं. समोरच्याचा आयपी पत्ता (त्याच्या पीसीचा नेटवरचा क्रमांक) टाकायचा, त्या १३९ वर एक वेडंवाकडं पॅकेट पाठवायचं, की त्याचा पडदा निळा. ही पोरकट चेष्टा झाली. ऑगस्ट १९९८ मध्ये ‘कल्ट ऑफ द डेड काउ’ या हॅकर गटाने जाहीर केलेलं ‘बॅक ओरिफिस’ मात्र वेगळ्या जातीचं होतं. कुठल्याशा गमतीच्या प्रोग्रामबरोबर ते पीसीत शिरायचं आणि ३१३३७ पोर्टवर ते पाठवणाऱ्याच्या हाकेची वाट बघत बसायचं. म्हणजे आता दार आतूनच उघडलं जात होतं.

घरच्या वापरकर्त्याला हे दाखवून दिलं ते स्टीव्ह गिब्सन या अमेरिकन प्रोग्रामरने. त्याने १९९९ मध्ये ‘शील्ड्सअप’ ही मोफत चाचणी सुरू केली. एक बटण दाबलं की त्याचा सर्व्हर बाहेरून तुमच्या पीसीची दारं ठोठावून बघे. पुढे तिच्यात पोर्टचा मोठा तक्ताच आला: उघडा लाल, बंद निळा, आणि मुळीच उत्तर न देणारा हिरवा. या हिरव्याला त्याने ‘स्टेल्थ’ हे झोकदार नाव दिलं आणि लोक हिरव्या चौकोनांच्या मागे लागले. माझ्या मते या हिरव्याचं कौतुक जरा जास्तच झालं. पीसी खरोखरच नसेल, तर बरेचदा अलीकडचा राउटर ‘इथे कुणी नाही’ असं कळवतो. निव्वळ शांतता असली की कुणीतरी दार लावून गप्प बसलंय हे जाणकाराला कळतं. बंद पोर्टमधूनही कुणी आत येत नाही. पण फायरवॉल लावायची आणि मग ती बाहेरून ठोकून बघायची, ही सवय या चाचणीने लावली, आणि ती लाखमोलाची.

२००० च्या सुमारास ‘झोनअलार्म’ ही फायरवॉल फुकट मिळू लागली आणि सीडीवरून घरोघरी पोचली. ती आतून बाहेर जाणाऱ्यालाही अडवून विचारायची. विचारायची म्हणजे कशी? ‘जेनेरिक होस्ट प्रोसेस फॉर विन३२ सर्व्हिसेस’ला इंटरनेटवर जायचंय, जाऊ देऊ का? या प्रश्नाचं उत्तर आमच्या घरात कुणाकडे असणार! मी ‘ब्लॉक’ केलं तर नेट बंद, बाबांनी ‘अलाउ’ केलं तर चालू. दोन दिवसांत सगळं घर न वाचता ‘अलाउ’ दाबायला शिकलं. पहारेकरी उत्तम होता, फक्त प्रत्येक पाहुण्यामागे तो घरमालकाला झोपेतून उठवत होता.

डिसेंबर २००० मध्ये गिब्सननेच ‘लीकटेस्ट’ हा छोटासा प्रोग्राम काढला. त्याला एखाद्या ओळखीच्या प्रोग्रामचं नाव द्यायचं आणि चालवायचा. त्या काळातल्या काही फायरवॉल नुसत्या नावाला भुलून त्याला बाहेर सोडत. झोनअलार्म भुलली नाही. पुढे मार्च २००४ मध्ये तर पहारेकऱ्यालाच भोक पडलं. ‘ब्लॅकआइस’ ही फायरवॉल आणि त्याच कंपनीच्या इतर सुरक्षा सॉफ्टवेअरमधला दोष १८ तारखेला जाहीर झाला आणि दोन दिवसांच्या आत ‘विटी’ वर्म त्यातून घुसला. सुमारे १२ हजार मशीन, आणि त्यांच्या हार्ड डिस्कवर हळूहळू कचरा लिहिला जात होता. ज्यांनी फायरवॉल लावली नव्हती ते वाचले.

एक्सपी आली ऑक्टोबर २००१ मध्ये, पोटात ‘इंटरनेट कनेक्शन फायरवॉल’ घेऊन. ती फक्त आत येणारं अडवायची, पण सगळ्या जोडण्यांवर आपोआप चालू नसायची. ब्लास्टर १३५ पोर्टवरून यायचा. त्याच्या घुसखोरीत आरपीसी ही विंडोजची अंतर्गत सेवा कोसळायची आणि ती कोसळली की विंडोज रीस्टार्टची मोजणी सुरू करायचं. पॅच उतरवायला नेट हवं, आणि नेट जोडलं की ६० सेकंद. शेवटी कुणीतरी फोनवर युक्ती सांगितली: मोजणी सुरू झाली की रन उघडून ‘शटडाउन -ए’ टाइप करायचं, मोजणी थांबते. त्यानंतर ती चौकट टिक केली आणि पॅच उतरवला.

खरा बदल ऑगस्ट २००४ च्या सर्व्हिस पॅक २ ने केला. फायरवॉल सगळ्या जोडण्यांवर, पीसी सुरू होतानापासून, कुणाला न विचारता चालू. कोट्यवधी लोकांना ती असल्याचा पत्ताही नव्हता आणि तिचं यश त्यातच होतं. २००७ मध्ये व्हिस्टात बाहेर जाणाऱ्यांसाठीही नियम लिहिता येऊ लागले. पण मुळात सगळ्यांना मोकळीक, कारण ‘अलाउ’चा अनुभव सगळ्यांच्या गाठीशी होता.

दरम्यान ब्रॉडबँडचा राउटर घरात आला. पत्त्यांची टंचाई भागवायला काढलेलं, अनेक मशीनना एकच सार्वजनिक पत्ता वापरू देणारं नॅट तंत्र त्यात होतं आणि त्याने जाता जाता भिंतीचंही काम केलं. यामुळे चाचणीचा अर्थ मात्र बदलला. आज शील्ड्सअपचे हिरवे चौकोन बहुधा तुमच्या राउटरचे असतात, पीसीचे नव्हेत. मोबाइल डेटावर असाल तर ते कंपनीच्या नॅट यंत्राचेही असू शकतात, कारण तिथे अनेक ग्राहक एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलेले असतात. आयपीव्ही६ (पत्त्यांची नवी, मोठी पद्धत) वर नॅटचा आडोसा सहसा नसतोच. तिथे राउटरची आणि पीसीची फायरवॉलच काय ती मध्ये असते.

म्हणून पीसीची फायरवॉल तपासायची तर घरातल्याच दुसऱ्या मशीनवरून एनमॅप (पोर्ट ठोठावून बघणारा प्रोग्राम) चालवून बघावं. स्वतःच स्वतःला, १२७.०.०.१ वर, स्कॅन करण्यात अर्थ नाही. तो आवाज दारापर्यंत जातच नाही. आधी ‘नेटस्टॅट -एएन’ या आज्ञेने कुठले पोर्ट ऐकत बसलेत ते पाहावं आणि मग त्यातले बाहेरून किती दिसतात ते जुळवावं. पिंगवर (‘आहेस का?’ असं विचारणाऱ्या संदेशावर) मात्र विसंबू नये. विंडोजची फायरवॉल सहसा त्याला उत्तर देत नाही, आणि ‘पीसी नेटवर्कवर दिसतच नाही’ म्हणून लोक तासभर वायर काढून-लावून बघत बसतात.