शिकाऊ उमेदवार की नवखा कामगार? काजू कारखान्यातला नेहमीचा घोळ

वेंगुर्ला-सावंतवाडी पट्ट्यातल्या काजू कारखान्यात नवीन बाई कामाला लागली, की तिला सरसकट ‘शिकाऊ’ म्हणतात. हजेरीवहीत तसंच लिहितात आणि त्या शब्दाच्या आडून पैसे कमी देतात. कायद्यात असं अधलंमधलं माणूस बसत नाही. ती एकतर करार झालेली शिकाऊ उमेदवार, म्हणजे अप्रेंटिस असते, नाहीतर पहिल्या दिवसापासून कामगार.

शिकाऊ उमेदवाराला १९६१ चा अप्रेंटिस कायदा लागू होतो. लेखी करार, केंद्राच्या अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंद, सहा महिने ते तीन वर्षांची मुदत आणि ठरलेला अभ्यासक्रम, एवढं असलं तरच तो शिकाऊ. त्याला पगार नव्हे, विद्यावेतन मिळतं. २०१९ च्या नियमांनी त्याची किमान रक्कम पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,००० रुपये, दहावीला ६,००० आणि बारावी किंवा आयटीआयवाल्याला ७,००० अशी ठरवली. केंद्राच्या राष्ट्रीय अप्रेंटिसशिप प्रोत्साहन योजनेत बसलात, तर विद्यावेतनाचा २५ टक्के वाटा, पण जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार उचलतं. त्याच्यासाठी पीएफ भरावा लागत नाही. कामावर इजा झाली तर भरपाई मात्र मालकाचीच. मुदत संपल्यावर नोकरी देणं बंधनकारक नाही, करारात तसं लिहिलं असेल तर गोष्ट वेगळी. कंत्राटी धरून ३० किंवा जास्त माणसं असतील, तर अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ घ्यावेच लागतात. ४ ते २९ माणसांच्या कारखान्याला ते ऐच्छिक आहे. कोकणातले बरेचसे कारखाने या दुसऱ्या गटातच मोडतात.

नवखा कामगार म्हणजे फक्त अनुभव नसलेला कामगार. किमान वेतन पहिल्या दिवसापासून, आणि कारखाना पीएफच्या कक्षेत असेल तर पीएफही. प्रोबेशन लावता येतं, पण ते माणूस कायम करायचा की नाही हे ठरवण्यासाठी. पगार कापण्यासाठी नव्हे.

मग घ्यावं कोणाला? ते कामावर ठरतं. बी फोडण्याच्या टेबलावर नवखी कामगारच घ्यावी. हे हाताचं एकच काम आहे, त्याला वर्षभराचा अभ्यासक्रम लावणं म्हणजे सुईला कुऱ्हाडीचा दांडा. पण शिकण्याचा खर्च आधी मांडून ठेवा. ८० किलोच्या पोत्यातून साधारण २१-२२ किलो गर निघतो. सरावलेल्या हातापेक्षा नवख्या हाताने वीस टक्के गर जास्त मोडला, तर पोत्यामागे चारेक किलो अख्खा गर पाकळीत, म्हणजे दोन फाकांत, नाहीतर तुकड्यात जातो. अख्खा आणि तुकडा यांत किलोला २०० रुपयांचा फरक धरला, तरी एका पोत्याला ८०० रुपयांच्या वर फटका. पगारात वाचवलेले पैसे इथे दुपटीने जातात.

ही मोडतोड बहुतेक वेळा हाताची चूकही नसते. वाफवलेली बी नीट थंड न होता, साधारण रात्रभर न ठेवता, टेबलावर आली की टरफल सुटत नाही आणि गर ओढला जातो. बी आकाराप्रमाणे चाळली नसेल, तर बी फोडायच्या यंत्राच्या पात्यांमधलं अंतर मोठ्या बीला बरोबर आणि लहान बीला चुकीचं ठरतं. म्हणून नवखीला पहिले दोन-तीन आठवडे एकाच आकाराची, शक्यतो मोठी बी द्यावी. वेंगुर्ला-७ जातीची बी जवळपास दहा ग्रॅमची असते, ती हाताला सापडते. त्या काळात नगावर नव्हे, रोजावर ठेवावी. किलोवर पैसे लावले की नवखा हात घाई करतो आणि तुकडे पाडतो. टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. हातमोजे किंवा हाताला खोबरेल लावल्याशिवाय तिला बसवू नये, आणि तेलाचे हात गराला लागू देऊ नयेत. डागी गराची प्रत उतरते.

साल काढणं त्याहून फसवं. ड्रायरमधून ७० अंशांच्या आसपास सहा-आठ तासांनी निघालेला गर जास्त सुकला तर ठिसूळ होतो; कमी सुकला तर साल चिकटून राहते, नवखी बाई सुरी लावते आणि गराला ओरखडा पडतो. पावसाळ्यात गर हवेतली ओल तासाभरातच ओढू लागतो, साल पुन्हा बसते. दोष मात्र बाईला लागतो.

शिकाऊ उमेदवार घ्यावा तो पूर्ण कारखाना कळलेला माणूस हवा असेल तेव्हा: वाफेचा वेळ, ड्रायरची भरणी, प्रतवारी. डब्ल्यू ३२० ही प्रत म्हणजे पौंडात ३०० ते ३२० अख्खे गर, हे नजरेने ओळखायला महिने जातात. त्याला वर्षभर एकाच टेबलावर बसवलंत, तर तो कराराचा भंग आहे आणि तुमचाही तोटा. बॉयलरवर तर दोघांपैकी कोणालाच एकटं सोडू नका. तिथे प्रमाणपत्र असलेला अटेंडंटच लागतो.

वेळही पाहा. मे अखेरीस घेतलेली बाई लावणीला शेतावर जाते, पुढे गणपती, आणि हात पुन्हा पहिल्यासारखा कोरा. भातकापणी उरकल्यावर, दिवाळीनंतर घेतली तर मार्चमध्ये नवी बी येईपर्यंत हात बसलेला असतो.