कपाटातली जुनी डिस्क आणि अर्धा सेकंद

लॅपटॉपला मोठी एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी वेगवान डिस्क, बसवली की जुनी कपाटात पडून राहते. नव्या ऑपरेटिंग सिस्टिमची बीटा, म्हणजे पक्की होण्याआधीची चाचणीची आवृत्ती चालवून बघायला ती उत्तम. उबुंटू या मोफत सिस्टिमचंच घ्या. तिची आवृत्ती दर एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये येते, म्हणून 24.04 म्हणजे 2024 चा एप्रिल. त्याच्या काही आठवडे आधी बीटा मिळते.

फक्त एक गैरसमज महागात पडतो: डिस्क वेगळी निवडली की रोजच्या डिस्कला धक्का लागत नाही, हा. संगणक सुरू होताना मदरबोर्डवरचं फर्मवेअर डिस्कवरचा एक छोटा विभाग उघडतं. पुढची सिस्टिम कुठून उचलायची हे सांगणारा बूटलोडर तिथे असतो. असा विभाग रोजच्या डिस्कवर आधीच दिसला, तर काही इन्स्टॉलर नवा बूटलोडर तिथेच ठेवून देतात. म्हणजे घर एका डिस्कवर आणि किल्ली दुसऱ्या. पुढे जुनी डिस्क काढून ठेवली की सकाळी काळ्या पडद्यावर नुसतं 'ग्रब' हे बूटलोडरचं नाव दिसतं. म्हणून बीटा टाकण्याआधी मी रोजची डिस्क सरळ काढूनच ठेवतो. दहा मिनिटं जातात, पण तिच्यावर काही लिहिलं जाण्याचा प्रश्नच उरत नाही.

बीटा वापरून बघायला एवढा खटाटोप का करायचा? मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड हे प्रोग्रामर उबुंटू जिच्यावर बेतलेली आहे त्या डेबियन सिस्टिमच्या अजून पक्क्या न झालेल्या आवृत्तीवर काम करत होते. एसएसएचने, म्हणजे दुसऱ्या संगणकात दुरून शिरायच्या साधनाने, लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे त्यांना खटकलं. खणत गेल्यावर 'एक्सझेड' या फायली आवळणाऱ्या साधनात कुणीतरी मुद्दाम लपवलेला चोरदरवाजा सापडला. उबुंटूने, तो कोड एक्सझेडमध्ये शिरला त्या 26 फेब्रुवारीनंतर बांधलेली सगळी पॅकेजेस पुन्हा बांधली. बीटा 4 एप्रिलऐवजी 11 एप्रिलला आली आणि पक्की आवृत्ती ठरल्याप्रमाणे 25 एप्रिललाच.

प्रत्येकाला चोरदरवाजा सापडणार नाही. पण मराठी माणसाला चटकन दिसेल असं बरंच काही परदेशात बसलेल्या प्रोग्रामरच्या नजरेतून सुटतं. बीटा सुरू झाली की मी आधी दोन शब्द टाइप करतो: 'दर्या' आणि 'दऱ्या'. पहिल्यात रफार हवा, दुसऱ्यात अर्धा ऱ. फॉन्टने दोन्ही सारखेच दाखवले, तर समुद्र आणि डोंगरांमधल्या खोल जागा यांत फरक उरत नाही. मग पडद्याचं चित्र आणि फॉन्टचं नाव जोडून मी त्याच दिवशी बग नोंदवतो.